सोलर किती किलोवॅटचं आणि स्लॅबच्या कोणत्या बाजूला?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तिथेच कळेल. दारव्हा तालुक्यात गावठाणात तुमचं घर आहे. स्लॅब पूर्व-पश्चिम ३० फूट आणि उत्तर-दक्षिण २२ फूट. नैर्ऋत्य कोपऱ्यात जिन्याची ८ फुटी खोली, तिच्यावर १००० लिटरची टाकी. पश्चिमेला भिंतीपासून २० फुटांवर शेजाऱ्याच्या आंगणात कडुनिंब, अंदाजे ३० फूट उंच. मागच्या बाजूला स्वयंपाकघरावर टिनं. उन्हाळ्यात दोन कूलर चालतात आणि बिल २८० युनिटच्या आसपास येतं. एक वेंडर ३ किलोवॅट सांगतो, दुसरा ५. लाईन रोज जाते. पुढच्या उन्हाळ्यात एसी घ्यायचा विचार आहे, आणि धाकट्या भावाला कधीतरी वरचा मजला चढवायचा आहे.

तुम्ही विचारलंत, "प्लेटा कुठे बसवू?" माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला, वर्षभरात वीज लागते किती. दुसरा, तुम्हाला बिल कमी करायचं आहे की लाईन गेल्यावर पंखा फिरायला हवा आहे. या दोन्हींचं उत्तर ठरलं की प्लेटांची जागा ठरवणं फार अवघड राहत नाही. बहुतेक वेंडर उलटं करतात. स्लॅबवर चढतात, टेप लावतात, बसतील तेवढे पॅनल मोजतात आणि कोटेशन देतात.

पहिल्यापासून सुरुवात करू. तुम्ही फक्त उन्हाळ्याचं बिल सांगितलंत. मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा, युनिटचा रकाना बघा आणि बेरीज करा. आपल्याकडच्या कूलरवाल्या घराचा हिशोब साधारण असा असतो: मार्च ते जून महिन्याला २८०, जुलै ते ऑक्टोबर १६०, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ११०. वर्षाची बेरीज २२०० युनिट. तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. विदर्भात सावली नसलेलं १ किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं असं धरून चालायला हरकत नाही. म्हणजे २ किलोवॅटचे वर्षाला २९०० युनिट, ३ किलोवॅटचे ४४०० च्या जवळ, ५ किलोवॅटचे ७३००. आजच्या वापराला २ किलोवॅट पुरून उरतं. ५ किलोवॅट सांगणाऱ्याने तुमचं बिल बघितलं होतं का, हे एकदा त्यालाच विचारा.

"जास्त झालं तर महावितरणला विकू" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणारच. नेट मीटरमध्ये (घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये) तुमचे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. ३१ मार्चला हिशोब होतो, उरलेल्या युनिटचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात, आणि तो दर तुम्ही वीज घेताना भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. १ एप्रिलला पाटी कोरी. आता आपल्याकडचा उन्हाळा आठवा. हिवाळ्यात कूलर बंद, आकाश स्वच्छ, युनिट साठत जातात. मार्चअखेर ते साफ होतात आणि खरी गरज एप्रिल-मे-जूनमध्ये लागते. पावसाळ्यातले उरलेले युनिट हिवाळ्यात वापरता येतात, पण हिवाळ्यातले मे महिन्यात कामी येत नाहीत. म्हणून विदर्भातल्या घराचं माप वर्षाच्या बेरजेवरून काढल्यावर एप्रिल-मेच्या महिन्यांशीही ताडून बघावं लागतं. त्या महिन्यांत २ किलोवॅट दिवसाला साडेआठ युनिटपर्यंत देईल, म्हणजे महिन्याला २५०-२६०. तुमचा वापर २८०. जवळजवळ जुळलं.

एसीने गणित बदलतं. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर ६ ते ८ युनिट घेतो. एक कूलर बंद होईल हे धरूनही मे महिन्याचं बिल साडेचारशेच्या घरात जाईल. तेव्हा ३ किलोवॅट योग्य. माझं उत्तर असं: एसी दीड-दोन वर्षांत नक्की येणार असेल तर आत्ताच ३ घ्या. "बघू, जमलं तर" असं असेल तर २ वर थांबा. "आत्ता २ बसवतो, नंतर १ वाढवतो" हे कागदावर सोपं वाटतं, पण दोन-तीन वर्षांनी त्याच वॅटचे, त्याच मापाचे पॅनल बाजारात मिळत नाहीत, सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) बदलावा लागू शकतो आणि अर्जाची सगळी वारी पुन्हा करावी लागते.

सबसिडीचाही कल तिकडेच आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. ३ किलोवॅटला एकूण ७८,०००, आणि त्यापुढे कितीही वाढवा, तेवढेच. म्हणजे चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून, आणि त्यातून तयार होणारी वीज बहुतांश स्वस्तात जाणार. ५ चं कोटेशन बाजूला ठेवा.

आता लाईनचं. ही गोष्ट लोकांना सोलर बसल्यावर कळते आणि मग वेंडरशी भांडण होतं. साधं ऑनग्रिड सोलर, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं बिनबॅटरीचं, लाईन गेली की बंद पडतं. बाहेर कडक ऊन असलं तरी बंद. तो बिघाड नाही. लाईनमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छतावरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो आणि लाईन आल्यावर काही मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो महाग, बॅटरी त्याहून महाग, आणि बॅटरीवर सबसिडी नाही.

कोणता घ्यावा हे तुमच्या लाईनवर अवलंबून आहे. एक महिना कॅलेंडरवर लिहा, लाईन किती वाजता गेली आणि किती वाजता आली. जास्त करून संध्याकाळी आणि रात्री जात असेल तर सोलरचं काहीच नुकसान नाही. घरात आधीपासून इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर ती तशीच राहू द्या, पंखे-दिवे तिच्यावर, आणि सोलर साधं ऑनग्रिड. खेड्यातल्या दहा घरांतल्या आठांना मी हेच सांगतो. रोज सकाळी १० ते दुपारी ३ मध्ये दोन-तीन तास जात असेल तर मात्र तेवढी वीज बनतच नाही, तेव्हा हायब्रिडचा विचार करावा. तुमचं घर गावठाणाच्या फीडरवर आहे हे बरं. वावरातलं घर शेतीच्या फीडरवर असेल तर तिथे ऑनग्रिड बसवून उपयोग नाही, कारण त्या लाईनला वीजच मोजके तास असते.

व्होल्टेजही बघा. तुम्ही डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाईनच्या शेवटी असाल तर संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे तुम्हाला माहीत आहेच. पण दुपारी, गावातली माणसं वावरात असताना, तेच व्होल्टेज चढतं. त्यात सोलर वीज ढकलतं तेव्हा आणखी चढतं, आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर बंद-चालू करत बसतो. कोटेशन घेण्याआधी एखाद्या वायरमनला बोलवून दुपारी १ ला आणि रात्री ८ ला मल्टिमीटरने मोजून घ्या. दुपारी २५० च्या वर दिसत असेल तर महावितरणकडे आधी लेखी तक्रार करा. डीपीवर टॅप बदलून ते खाली आणता येतं. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची तार जाड घेतली तरी फरक पडतो.

इथवर ठरलं ते असं: एसी येणार असेल तर ३ किलोवॅट, म्हणजे ५४० वॅटचे ६ पॅनल. नसेल तर ४ पॅनल. इन्व्हर्टर साधा ऑनग्रिड, लाईन दुपारची जात नसेल तर. आता स्लॅबवर चढू.

असा एक पॅनल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतो, वजन २८ किलोच्या आसपास. सहा पॅनल तीन-तीनच्या दोन रांगांत उभे लावले तर साडेअकरा फूट बाय १५ फूट जागा लागते. तुमच्या स्लॅबवर जागेची अडचण नाही, अडचण सावलीची आहे. सगळे पॅनल एकामागे एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच करंट जातो. बैलजोडीतला एक बैल बसला की नांगर थांबतो, तसं एका पॅनलवर सावली आली की बाकीच्यांवरही ताण येतो. आताच्या पॅनलमध्ये बायपास डायोड असतात, सावलीतला भाग ते वगळतात, त्यामुळे पूर्वीइतकं नुकसान होत नाही. पण टाकीची सावली रोज दोन तास पडत राहिली तर पंचवीस वर्षांत ती किती युनिट खाते याचा हिशोब कुणी करत नाही.

सावली कधी बघायची? डिसेंबरात. सूर्य तेव्हा सगळ्यात खाली असतो. तुमच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला भर दुपारी, म्हणजे सव्वाबाराच्या सुमारास, सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते आणि सरळ उत्तरेकडे. सकाळी सव्वानऊला आणि दुपारी सव्वातीनला ती उंचीच्या जवळपास दुप्पट होते. सकाळची वायव्येकडे, दुपारची ईशान्येकडे. आता तुमची टाकी बघा. जिन्याची खोली ८ आणि टाकी ४, माथा स्लॅबपासून १२ फूट. ती नैर्ऋत्येला असल्यामुळे दुपारनंतर तिची सावली बरोबर तुमच्या स्लॅबवरून ईशान्येकडे सरकत जाणार. वास्तूवाले जड टाकी नैर्ऋत्येला ठेवायला सांगतात आणि गावात निम्म्या घरांवर ती तिथेच असते. सोलरच्या दृष्टीने दक्षिणेची उंची नेहमी त्रासाची. तुमच्या श्रद्धेत मी पडत नाही, पण टाकी जिन्याच्या खोलीवरून उतरवून उत्तरेला ठेवता येत असेल तर उत्तम. टाकी खाली आल्यावर वरच्या नळाला दाब कमी होईल, तेवढं घरी विचारून घ्या.

टाकी हलवायची नसेल तरी मार्ग आहे. पॅनल पूर्वेकडे न्या आणि उंच करा. हिशोब सांगतो. डिसेंबरात सव्वातीनला टाकीच्या माथ्याची सावली पूर्वेकडे उंचीच्या दीडपटीला थोडी कमी इतकी सरकते. पॅनल स्लॅबपासून दीड-दोन फुटांवर असतील तर टाकी त्यांच्यापेक्षा १० फूट उंच, सावली पूर्वेला १४ फूट येणार. जिन्याची खोली ८ फूट रुंद धरली तर ती पश्चिम भिंतीपासून २२ फुटांपर्यंत पोचली, म्हणजे तुमच्या पहिल्या ओळीतले पॅनल सापडले. तेच पॅनल ७ फुटांवर नेले तर टाकी फक्त ५ फूट उंच राहते, सावली ७ फूट सरकते आणि १५ फुटांवर थांबते. पूर्वेच्या कठड्यापासून दोन फूट सोडून पॅनल मांडले तर त्यांची पश्चिम कड साडेसोळा फुटांवर येते. सुटलात.

उंच स्ट्रक्चरला पैसे जास्त लागतात हे खरं. पण आपल्याकडे स्लॅब ही रिकामी जागा नसते. उन्हाळ्यात वाळवणं तिथेच होतात, रात्री झोपायलाही तिथेच जातात. सात फुटांखाली माणूस ताठ उभा राहतो, खालच्या खोलीचा स्लॅब दिवसभर सावलीत राहतो आणि मे महिन्यात तो फरक कळतो. शिवाय पॅनलखालून वारा खेळतो. पॅनलवर छापलेले ५४० वॅट २५ अंशांच्या तापमानाला मोजलेले असतात. बाहेर ४५ असताना पॅनल ७० च्या पुढे तापतो, आणि प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के धरलं तर १५-१६ टक्के वीज तिथेच कमी होते. म्हणून मे महिन्याच्या दुपारी ३ किलोवॅटचं सोलर मोबाईलवर अडीच दाखवत असेल तर घाबरून वेंडरला फोन करू नका. अशा गरमीत कमी नुकसान होणारे टॉपकॉन पॅनल आता मिळतात, किमतीत थोडाच फरक असेल तर ते घ्या.

कडुनिंब तोडण्याबद्दल शेजाऱ्याशी बोलू का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. नका बोलू. ३० फुटांचं झाड, त्यातले ११ फूट तुमच्या स्लॅबची उंची आणि ७ फूट स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलच्या वर फक्त १२ फूट उरलं. मार्चमध्ये साडेचारच्या सुमारास त्याची सावली २३ फूट जाईल आणि झाड २० फुटांवर आहे, म्हणजे तुमच्या पश्चिम कठड्याच्या जेमतेम आत येईल. पॅनल तर पूर्वेला आहेत. पाचनंतर सावली येईल, पण पाचनंतरच्या उन्हात वीज किती असते! एवढंच करा, अंतर खोडापासून न मोजता फांद्यांच्या टोकापासून मोजा, आणि तुमच्या बाजूला झुकलेली फांदी शेजाऱ्याला विचारून दर दोन वर्षांनी छाटा. वानरं फांदीवरून थेट पॅनलवर उडी मारतात. काचेला सहसा काही होत नाही, पण लोंबणारी तार ती ओढून काढतात. तारा पाइपातूनच न्यायला लावा, आणि बांधायला साधे प्लास्टिकचे पट्टे नकोत. आपल्या उन्हात ते दोन उन्हाळ्यांत तुटतात.

तोंड दक्षिणेला, हे सगळेच सांगतात. पॅनलला किती उतार द्यायचा, म्हणजे कल किती, याबद्दल मात्र ऐकावं तितकी मतं. पुस्तकी उत्तर अक्षांशाइतका, म्हणजे २० अंश. मी विदर्भात १२ ते १५ ठेवतो. वर्षाच्या उत्पादनात एखाद-दीड टक्क्याचा फरक पडतो, पण मे अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा कमी कल फायद्याचा. मे-जून कूलरचेही महिने. वारा कमी धरतो हा दुसरा फायदा. १० च्या खाली मात्र जाऊ नका, पावसाने धूळ वाहून जात नाही आणि खालच्या कडेला मातीची पट्टी बसते. घर अगदी दक्षिणेला सरळ नसेल, १५-२० अंश पूर्वेकडे वळलेलं असेल, तर पॅनल घराच्या रेषेतच लावा. दक्षिण गाठण्यासाठी तिरपी मांडणी करून जागा आणि लोखंड वाया घालवण्यात अर्थ नाही.

वाऱ्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे सोलरचं मोठं नुकसान मे-जूनच्या वादळात होतं. लोक विचारतात, "स्लॅबला वजन पेलेल का?" सहा पॅनल आणि लोखंड मिळून तीन-चारशे किलो, तेही जागोजागी वाटलेलं. पाण्याने भरलेली तुमची टाकी हजार किलोची आहे. वजनाची काळजी नाही, पॅनल उडण्याची आहे. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाला एका चौरस मीटरवर ढोबळ ११८ किलोचा दाब येतो. एक पॅनल अडीच चौरस मीटरचा, म्हणजे एकावर तीनशे किलो, सहांवर अठराशे. आकार आणि कलानुसार हा आकडा कमीजास्त होतो, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. आता वेंडर काय करतो? एक फुटाचा सिमेंटचा ठोकळा स्लॅबवर ठेवतो आणि त्यात पाय रोवतो. असा ठोकळा ७० किलोचाही भरत नाही. सहा ठोकळे मिळून चारशे किलो. नुसते ठेवलेले ठोकळे वादळात पॅनलसकट उचलले जातात.

तुमच्याकडे एक सोय आहे, बहुतेक खेड्यांतल्या घरांवर असते. वरचा मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया स्लॅबवर उभ्या ठेवलेल्या असतील. त्या कापू नका. त्यांच्याभोवती काँक्रीटचा पेडेस्टल ओतून घ्या आणि स्ट्रक्चरचे पाय तिथे बोल्टने बसवा, म्हणजे पॅनलची ओढ थेट कॉलममध्ये जाते आणि स्लॅबला भोकं पाडावी लागत नाहीत. कॉलमचं अंतर आणि पॅनलचं माप जुळत नसेल तर मध्ये आडवा आय-बीम टाकावा लागतो. सगळं जोडकाम बोल्टचं ठेवा, वेल्डिंग नको. वेल्डिंगच्या जागी गॅल्व्हनायझिंग जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. आणि भावाचा मजला चढेल तेव्हा बोल्टचं स्ट्रक्चर दोन दिवसांत उतरवून वर नेता येतं. मजला एक-दोन वर्षांतच होणार असेल तर मात्र आधी मजला, मग सोलर. स्वयंपाकघराच्या टिनांवर लावायची सूचना कुणी केली तर नको म्हणा, उत्तरेला स्लॅबच्या आडोशाला ती टिनं आहेत आणि खालचे पाइप त्या ओढीसाठी बसवलेले नाहीत.

गारपिटीचं थोडक्यात. पॅनलची काच २५ मिलिमीटरच्या गारेच्या चाचणीतून गेलेली असते, नेहमीच्या गारेला ती टिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी लिंबाएवढ्या गारा पडतात, तेव्हा कुणाचीच हमी नाही. घराच्या विम्यात सोलर घालून घ्या.

इन्व्हर्टर स्लॅबवर उन्हात टांगू देऊ नका. उत्तरेच्या भिंतीला, छज्ज्याखाली, हवा लागेल असा लावा, कारण तापला की तो स्वतःच वीज कमी करतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरात ज्या खोलीत कापूस ठेवता, त्या खोलीत इन्व्हर्टर नको आणि सोलरच्या तारा तिथून जायलाही नकोत. डीसी बाजूचा, म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांचा, सैल जोड ठिणगी धरून ठेवतो, आणि कापसाला तेवढी पुरते. स्लॅबवरचे कनेक्टर एकाच कंपनीचे आणि यंत्राने दाबलेले हवेत, पक्कडीने चेपलेले नकोत.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: एक पॅनल आणि स्ट्रक्चरचा, एक इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा, एक वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचा. मोठ्या विजा पडणारा आपला भाग आहे, इथे काटकसर नको. वीजरोधकाचा दांडा पॅनलच्या उत्तरेला उभा करायला सांगा, नाहीतर त्याचीच सावली पॅनलवर. खाली मुरूम लागला तर खड्ड्यात मीठ-कोळसा किंवा तयार केमिकल भरून घ्या आणि एप्रिल-मेमध्ये अधूनमधून बादलीभर पाणी ओता. माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो.

कागदाचं एक काम आजच तपासा: वीजबिल कोणाच्या नावावर आहे? गावात अजून आजोबांच्या नावाची मीटरं चालू आहेत. अर्ज आणि सबसिडी बिलावरच्या नावाने होते, सबसिडी थेट त्या माणसाच्या बँक खात्यात येते. नाव बदलायचं असेल तर ते आधी करा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागत नाही, मंजूर धरला जातो, त्यामुळे "मंजुरीसाठी वरून पैसे द्यावे लागतात" म्हणणाऱ्याला दार दाखवा. सबसिडीसाठी पॅनल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. वेंडर स्वस्त दर सांगत असेल तर डीसीआर पॅनल (म्हणजे असे भारतात बनलेले) आहेत का, हे कोटेशनवर लिहून घ्या. त्याच कागदावर पॅनलची कंपनी आणि वॅट, इन्व्हर्टरची वॉरंटी, स्ट्रक्चरवरचं गॅल्व्हनायझिंग किती मायक्रॉन (८० मागा), तारेची जाडी, अर्थिंगचे खड्डे आणि पाच वर्षांची देखभाल, एवढं असलं पाहिजे. उंच स्ट्रक्चरसकट ३ किलोवॅटला पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या मधला भाव रास्त समजा, सबसिडी वजा करण्याआधीचा. शेवटचा हप्ता नेट मीटर बसून बिलात युनिट दिसल्यावर द्यायचा, हे आधीच बोलून घ्या.

धुण्याचं विचारलंत म्हणून. पंधरा दिवसांतून एकदा, तुरीची-सोयाबीनची मळणी जवळ चालू असेल तर आठवड्याला. सूर्य उगवायच्या आत किंवा मावळल्यावर, तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नाही. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग बसतात, वायपरने लगेच ओढून काढायचे. अकोला-अमरावतीकडे खारपाणपट्ट्यात तर लोकांना मी बोअरचं पाणी वापरूच देत नाही, नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या म्हणतो. तुमच्याकडे ती अडचण नसावी. १२ महिन्यांच्या बिलांची बेरीज, लाईन जाण्याच्या वेळा आणि कॉलमच्या सळयांमधली अंतरं एवढं लिहून पाठवलंत तर पाय नेमके कुठे येतील ते कागदावर काढून देतो.